'बाय'चा जाच

इंग्रजी करारनामे आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणं हे माझं काम. लोकांना वाटतं, मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांनी घाम फुटत असेल. ते कोशात सापडतात हो. घाम फोडतो तो इंग्रजीतला 'बाय' (by).

मुळात हा शब्द जागेचा. जवळ, शेजारी. 'सिट बाय द विंडो' म्हणजे खिडकीपाशी बस. 'बिसाइड', 'बिफोर', 'बिलो' यांच्या सुरुवातीला जो 'बि' आहे तो हाच, आणि 'बिकॉज' तर सरळसरळ 'बाय' अधिक 'कॉज'. शेजारी म्हणून आलेला हा पाहुणा पुढे घरभर पसरला: कर्ता दाखवायला हाच, साधन दाखवायला हाच, मुदत सांगायलाही हाच. 'दहा बाय बाराची खोली' म्हणत आपणही त्याला आत घेतलंच आहे.

माझं आवडतं उदाहरण दगडाचं. 'ही वॉज किल्ड बाय अ स्टोन' आणि 'ही वॉज किल्ड विथ अ स्टोन'. पहिल्या वाक्यात वरून दगड निसटला असेल, कुणाचा दोष नसेल. दुसऱ्यात मारणाऱ्याचं नाव नाही, पण दगड उचलणारा हात दिसतो. एका अव्ययाने अपघाताचा खून झाला! मराठीत 'त्याने दगडाने साप मारला' या वाक्यात 'ने' दोनदा येतो, एकदा कर्त्याला, एकदा हत्याराला, आणि कुणीही गोंधळत नाही. पण वरची दोन वाक्यं मराठीत आणताना क्रियापदच बदलावं लागतं: 'तो दगड लागून मेला', 'त्याला दगडाने ठेचून मारलं'.

हे न करता दिसेल त्या 'बाय'ला 'द्वारे' चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. 'समितीद्वारे घेण्यात आलेला निर्णय' कशासाठी? 'समितीने घेतलेला निर्णय' म्हणा की! 'टपालाद्वारे' चालेल, तिथे टपाल हे साधन आहे. समिती निदान कागदोपत्री तरी कर्ती असते.

प्रवासाचा 'बाय' सोपा, फक्त मध्ये 'द' घालायचा नाही. 'बाय बस' म्हणजे बसने. 'बाय द बस' म्हटलंत की ऐकणारा तुम्हाला बसशेजारी उभं करण्याची शक्यता जास्त.

करारात खरी कसोटी मुदतीची. 'बाय फ्रायडे' आणि 'अनटिल फ्रायडे', दोन्हींना आपल्याकडे 'शुक्रवारपर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत पैसे द्या' म्हणजे त्याआधी केव्हाही, एकदा. 'शुक्रवारपर्यंत थांबा' म्हणजे तोवर सलग. फरक क्रियापद सांभाळतं, म्हणून बोलताना अडत नाही. लिहिताना मात्र शुक्रवार धरायचा की नाही यावरून भांडणं होतात. 'बाय'मध्ये तो दिवस साधारणपणे धरलेला असतो, तरी करारात मी 'तो दिवस धरून' असं स्पष्ट लिहिण्याचा आग्रह धरते.

माहितीपुस्तिकेत आकड्यांपुढचा 'बाय' तपासल्याशिवाय मी पान पुढे पाठवत नाही. 'रिड्यूस द प्रेशर बाय 2 बार' म्हणजे दाब 2 बारने (बार हे दाबाचं एकक) कमी करा. 'टू (to) 2 बार' म्हणजे 2 बारवर आणा. टाकीत 10 बार दाब असेल, तर पहिल्या सूचनेने 8 उरतो, दुसरीने 2.