आमची वाटचाल: कातळावरची बाग आणि हजेरीचा दर

रत्नागिरीजवळच्या कातळावर सुरुंग लावून वडिलांनी खड्डे घेतले, माती भरली आणि हापूसची कलमं लावली. तेव्हा फवारणीला, काढणीला वाडीतलेच गडी यायचे. पुढे त्यांची मुलं मुंबईला नोकरीला लागली आणि सहा-सात महिने खोपीत राहून बाग राखणारा माणूस मिळेनासा झाला.

मग नेपाळी जोडपी आली. दशैं-तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, उरकून येतात, पाऊस लागायच्या आत परततात. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे कामाला यायला व्हिसा लागत नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. नेपाळी मिळू लागले तशी मी वाडीतल्या गड्यांची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, सलग तीन हंगाम वाढवली नाही. परवडत नाही म्हणायचो. खरं तर माणूस सहज मिळत होता, म्हणून वाढवली नाही. एका जुन्या गड्याने तोंडावर विचारलं, "भाऊ, नेपाळी नसते तर एवढ्यातच भागवलं असतंत?" मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी तो आला नाही.

त्याच काळात राखणीची काळजी मिटल्यामुळे मी आणखी दोन बागा कराराने घेतल्या. माल वाढला तशा प्रतवारी करायला, पेट्या भरायला बायका कमी पडू लागल्या आणि त्यांची मजुरी चढली. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठासकट आंबा उतरवणारा गडी तर आज आमच्याकडे सर्वांत जास्त घेतो, आणि ते रास्तच आहे. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, डाग पडतो, आंबा पेटीतून बाद होतो. तो हात एका हंगामात बसत नाही. खड्डे काढणं, गवत कापणं, पाणी घालणं अशी कुणालाही जमणारी कामं करणाऱ्यांचा दर मात्र तिथेच अडकला.

2020 च्या टाळेबंदीत ऐन हंगामात माल वाशीच्या बाजारात पोचवण्याची पंचाईत झाली. नेपाळची सीमाही बंद. आमच्याकडची तीन कुटुंबं पाऊस लागला तरी बागेतच होती. त्यांचा शिधा आम्ही भरला.

आता त्यांची तरणी मुलं कतारला, मलेशियाला जातात. जोडपं टिकवायचं तर उचल वाढवावी लागते. त्यांचा दर चढला की गावातला गडीही तेवढाच मागतो, आणि मी देतो. दोन हंगामांपासून सारख्या कामाला दोघांनाही एकच हजेरी आहे. त्या जुन्या गड्याचा मुलगा यंदा काढणीला येतो म्हणालाय.