जवाईबापू, तुमी लेहा

बायको गेल्यावर सासुरवाडीला पहिल्यांदा कसं जायचं, हे कुणी शिकवत नाही. पुण्यात सगळे एकच सांगत होते, मन रमवा. छंद लावून घ्या, ज्येष्ठ नागरिक संघात या, सहलीला चला. त्या 'मन रमवा'चा मला अजून राग येतो. मन म्हणजे काही रडणारं पोर नव्हे, खुळखुळा वाजवला की गप्प बसायला. सासूबाईंचा फोन मात्र निराळा होता. "वेचणी लागली. येता का?" एवढंच बोलल्या.

वर्ध्याला पहाटे उतरलो. आर्वीची एसटी उभी होती, पण चढवेना. त्या घराच्या फाटकापाशी नेहमी ती पुढे आणि मी बॅगा घेऊन मागे. एकट्याने शिरायचं म्हणजे काय करायचं? रिक्षा केली आणि सेवाग्रामला गेलो.

आश्रमात बा कुटी आणि बापू कुटी एकाच अंगणात आहेत. सुरुवातीला सगळे आदी निवासात एकत्र राहत. त्या गर्दीत बांना आडोसा नाही म्हणून जमनालाल बजाजांनी ही वेगळी कुटी बांधून दिली. बा गेल्या त्या आमच्या पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. त्यांची समाधी तिथं आहे आणि घरी पाहुणे आले की आम्ही दोघं त्यांना ती दाखवायला न्यायचो. त्या मे महिन्यात बापू सुटले आणि पुढे इथं परतले. साठ वर्षांहून मोठा संसार झालेला माणूस, पंच्याहत्तरीला टेकलेला, रोज या रिकाम्या कुटीसमोरून जात असणार. बांच्या नावाने निधी जमला होता, तो गावाकडच्या बायका-मुलांच्या कामी लागला. मी ओट्यावर बराच वेळ बसलो. शाळांच्या सहली येत होत्या, मास्तर पोरांना ओळीत उभं करून फोटो काढत होते आणि आत कुणी क्षणभर थांबत नव्हतं. अशा जागी मुलांना पाच मिनिटं नुसतं बसू द्यावं, असं मला फार वाटलं. मग आर्वीची एसटी पकडली.

गावात पहिला दिवस रडण्यात गेला. बायका येत, सासूबाईंच्या गळ्यात पडत, माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत. रात्री पाटवडीचा रस्सा होता. विदर्भात 'वाढू का' असं विचारत नाहीत, वाढतातच, आणि त्या तिखटाने डोळ्यांना पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही. मला ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चला वावरात." ऐंशीच्या घरातल्या बाई, पण माझ्या पुढे चालत होत्या. कापूस लांबून मऊ दिसतो. हात घातला की बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात. बायका कमरेला ओटा, म्हणजे कापडाची झोळी, बांधून दोन्ही हातांनी वेचतात, पालापाचोळा लागू देत नाहीत, कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस वेगळा ठेवतात. त्यांच्या ओट्याची पिशवी झाली तरी माझ्या मुठीत मूठभरच असायचा. किलोला १० रुपये मजुरी. म्हणजे क्विंटलमागे १००० रुपये वेचाईलाच जातात, असं सासूबाईंनी चालता चालताच सांगितलं.

संध्याकाळी काटा लागला. मुकादम वजन सांगत होता आणि प्रत्येक चुंगडीमागे, म्हणजे पोत्यामागे, पोत्याचं वजन म्हणून एक किलो कापत होता. एक तरुण बाई पुढे आली. "चुंगडी किलोभराची कुठं असते जी?" मुकादम हसला. मग ती माझ्याकडे वळली. "जवाईबापू, तुमी लेहा. ताई लेहे."

ताई म्हणजे माझी बायको.

दर दिवाळीला आम्ही इथं यायचो. मी ओसरीवर पेपर वाचत पडायचो आणि ती "वावरातून येते" म्हणून जायची. मला वाटायचं, मैत्रिणी भेटतात, माहेर आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी फडताळातून तिच्या वह्या काढल्या. नाव, सकाळ, दुपार, उचल, आणि एक रकाना 'चुंगडी'. त्यात दरवेळी रिकाम्या चुंगडीचं वजन लिहिलेलं. काही नावांपुढची उचल खोडून तिने 'भागली' असं लिहिलं होतं. "तिच्या पगारातून देऊन टाके," सासूबाई म्हणाल्या. तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्या वह्या रात्री उशिरापर्यंत वाचल्या, आणि झोपेची गोळी घ्यायची राहून गेली.

सकाळी सगळ्यांसमोर रिकामी चुंगडी काट्याला लावली. पाव किलोही भरली नाही. मुकादमाने काही न बोलता आकडे बदलले. वहीतल्या कोऱ्या पानावर तेच रकाने आखून मी लिहू लागलो. आयुष्यभर बँकेत आकडे लिहिले, पण समोर उभी असलेली बाई माझ्या खांद्यावरून स्वतःचं नाव वाचायला धडपडतेय, असं कधी झालं नव्हतं. आता संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसतो. काटा कसा वाचायचा, पासबुकात जमा कुठे आणि नावे कुठे, एवढंच शिकवतो. त्या तरुण बाईला गुणाकार येतो, तिला फक्त कुणी विचारलं नव्हतं. पुढे ही वही तिने चालवावी, असं मी सासूबाईंशी बोललो आहे.

परतीचं तिकीट रद्द केलं. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने सासूबाई फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, ठेवत नाहीत. म्हणून शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी, कापसाची झाडं, उपटायची, आणि मग तुरीची सोंगणी. तीही मजुरीचीच कामं, त्यांचाही हिशोब लिहावा लागेल. मुकादमाचा काटा जुना आहे, म्हणून आर्वीच्या बाजारातून नवीन आणायचं ठरलं आहे. निम्मे पैसे सासूबाई देणार, निम्मे मी.