आतलं कोणाले दिसते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच नीट सांगते, कारण दर सीझनला कोणी ना कोणी माझ्या मशीनसमोर उभं राहून हेच विचारतं, "ताई, वरून चिलखत येनारच हाय, आतलं कोणाले दिसते, मंग जंपसूटले चार दिवस काऊन लागते?" वडसाच्या नाटकवाल्यांनी विचारलं, गॅदरिंगच्या पोरांनी विचारलं, मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या मेळ्याला, वेश करून जायला फोमचं चिलखत करणाऱ्या ब्रह्मपुरीच्या एका पोराने तर नुसत्या अल्टरचे ६०० रुपये ऐकून हातच जोडले. त्याच पैशात दोन ब्लाऊज शिवून झाले असते असं आई म्हणते, तेही खरंच आहे.

तर बघा. रेडिमेड जंपसूट उभ्या माणसाच्या मापाने कापलेला असतो. शर्ट-पँटमध्ये कमरेला सुटायला जागा असते, इथे नसते, म्हणून वाकलं, बसलं, हात वर केला की सगळा ताण आसनात नाहीतर बगलेत येतो आणि तिथेच उसवतं. म्हणून मी आधी छाती मोजतच नाही, खांद्यावरून टेप सोडून आसनाखालून पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत आणते, आणि तेही माणसाला स्टुलावर बसवून. कमी पडलं की कमरेत कापून पट्टी घालायची, आसनात मियानी, बगलेत चौबगला, म्हणजे हालचालीला जागा देणारे जोडकापडाचे तुकडे. तळपायाखाली इलॅस्टिक, नाहीतर चिलखताचा पोटरीचा भाग चढवताना सूटचा पाय गुडघ्यावर गोळा होतो. फोम घाम जिरवत नाही आणि हवाही आत येऊ देत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं, म्हणून पाठीला आणि बगलेत जर्सीचं जाळीदार कापड. जिथे टिचबटण तिथे आतून जाड कापडाचा तुकडा, नाहीतर पहिल्याच ओढीला बटण भोक पाडून निघतं. चिलखताचं वजन मी सूटच्या कापडावर देतच नाही, त्याला खांद्यावरून वेगळा पट्टा. आणि रंग काळा, बिनचमकीचा, कारण चमकदार लायक्रा असलं की चिलखताच्या फटीफटीतून लाइट मारतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. युरोपात लोखंडी चिलखत घालणारे आत भरीव अंगरखा घालायचे, त्याला दोऱ्या असायच्या, चिलखताचे तुकडे त्या दोऱ्यांना बांधायचे, आणि बगलेत जिथे पत्रा पोचत नाही तिथे साखळीच्या जाळीचे तुकडे शिवलेले असायचे, म्हणजे चौबगलाच. अंतराळात यानाबाहेर काम करणारे त्या पांढऱ्या सूटखाली जे अंगालगत घालतात त्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या असतात, त्यातून पाणी फिरतं आणि अंग थंड राहतं. तेही कोणाला दिसत नाही.

पण खरं कारण हे नाही. मला मियानी तेव्हाही येत होती, सलवारी शिवूनच शिकले मी. येत असून केली नाही.

२०१८ चा तान्हा पोळा, पोरांचा लाकडी बैलांचा, वेशभूषेची स्पर्धा असते त्यात. माझ्या ताईचा मुलगा आठ वर्षांचा होता. माझ्या लहान भावाने महिनाभर राबून त्याच्यासाठी फोमशीटचं चिलखत केलं, माझ्याच इस्त्रीने गरम करून वाकवलं, चंदेरी रंग दिला. आत घालायला ऑनलाइन काळा जंपसूट मागवला, दोन साइज मोठा, मागे चेन. मी तो फक्त दोन्ही बाजूंनी आत घेतला. अर्ध्या तासाचं काम. चेन मागेच राहू दिली कारण पुढून छाती सपाट, स्वच्छ दिसत होती. निघायच्या वेळेस पाठीचा भाग हलत होता म्हणून भाऊ कुरकुरला, तर मी जाड दोऱ्याने चेनच्या दोन्ही बाजूंना चार टाके मारून तो भाग सूटलाच शिवून टाकला. पोराच्या अंगावरच. आई म्हणाली, "अंगावरचं शिवू नये वं." मी म्हटलं, दोन तासांचा तं प्रश्न आहे.

मंदिरासमोर सगळी पोरं आपापले लाकडी बैल घेऊन रांगेत, सकाळी पाऊस पडून गेलेला आणि वरून कडक ऊन, कपडे असे अंगाला चिकटत होते, पाहुणे उशिरा आले, मग भाषण. आमचा नंबर एकतीस. तो म्हणाला, "मावशी, सू लागली." मी म्हटलं, "थांब ना बाबू, आलाच नंबर." तेव्हा अठरावा चालू होता, मला माहीत होतं. थोड्या वेळाने तो काही बोलला नाही, नुसती माझी ओढणी धरली आणि पाय जुळवून उभा राहिला. मी त्याच्या गुडघ्याचा फोम सरळ करत होते. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाजच वेगळा होता. मी त्याला मंदिरामागे नेलं, कैची घरी, टाके दातांनी तोडायला लागले, दोन तुटले, तिसऱ्याला दोरा दातात अडकला, खालून बोटं घालून चेन ओढली तं रनरने कापड धरलं. तो रडत होता. मग एकदम रडायचा थांबला, आणि त्याला धरलेल्या माझ्या हाताला गरम लागलं.

तेवढ्यात माइकवर त्याचं नाव पुकारलं.

पोरं मागे आली होती. हसली. पोरं हसणारच, त्यांचा राग नाही माझा. तो तसाच घरापर्यंत चालत गेला, बैलाची दोरी सोडली नाही, बोजाऱ्याचे पैसे मागायला कोणाच्या दारात थांबला नाही. घरी सूट कापूनच काढला. मांड्या आतून लाल झालेल्या, जिथे आसनाचं कापड ओढलेलं होतं तिथे. ताई मला एक शब्द बोलली नाही, गरम पाणी ठेवलं तिने.

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी भांडते. म्हणते, चेन कंपनीनेच मागे दिली होती, पाहुणे वेळेवर आले असते तर काहीच झालं नसतं, भावानेच घाई केली. आणि म्हणते, दिसत तं छान होतं ना. फोटो आहे अजून मोबाइलमध्ये. खरंच छान दिसतं त्यात, पाठ एकदम सरळ, तेच जास्त लागतं मला.

आता मी चेन पुढून घालते, गळ्यापासून पार आसनाच्या मागेपर्यंत, दोन रनरची, खालूनही उघडते. नाटकातल्या बायांसाठी कमरेत कापून दोन भाग करते आणि पट्ट्याखाली टिचबटणांनी जोडते, दोन एन्ट्रींच्या मधे किती वेळ मिळतो त्यांना. चिलखताचा एकही तुकडा सूटला शिवत नाही, कोणी कितीही म्हणो. आणि घेऊन जायच्या आधी ज्याचा सूट त्याने माझ्यासमोर सगळं चढवून, पडद्यामागे जाऊन, एकट्याने बाहेर यायचं. कोणाची मदत न घेता. नाही आला तर मी परत उसवते, मग पाचवा दिवस लागो. मागच्या सीझनला एक नाटकवाला चिडून दुसरीकडे गेला, त्याने दीडशेत फिटिंग करून दिलं, दहा मिनिटांचं काम होतं त्याचं स्टेजवर, तेवढ्यापुरतं चाललंही असेल. तो चुकला असं मी छातीठोक नाही म्हणू शकत.

भाचा आता दहावीला आहे, माझ्याहून उंच. पँट उसवली की माझ्याकडेच आणतो, त्या दिवसाचं कधी काढत नाही, मीही विचारलं नाही. कुठे बाहेर निघायचं असलं की तो बाथरूमला जाऊन येतो, चप्पल घालतो, आणि परत एकदा जाऊन येतो. ताई म्हणते सगळीच पोरं करतात. करत असतील.