चालणारे इम्पोर्ट एडिटरला का दिसत नाही

आज दुपारचा बराच वेळ अशा एका बिघाडामागे गेला, ज्याला बिघाड म्हणावे की नाही असाच प्रश्न पडावा. प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता आणि टेस्टही पास होत होत्या. फक्त आमच्याच पायथन लायब्ररीतल्या एखाद्या क्लासचे नाव टाइप करू लागले की व्हीएस कोड हा एडिटर त्याची इम्पोर्टची ओळ, म्हणजे तो क्लास दुसऱ्या फाइलमधून वापरायला घेण्याची ओळ, सुचवत नव्हता. पाथलिब किंवा डेटटाइम यांसारख्या पायथनबरोबरच येणाऱ्या मॉड्यूलमधली नावे मात्र यादीत बिनतक्रार येत होती. त्यामुळे एक शंका सुरुवातीलाच मिटली. व्हीएस कोडमधल्या पायलान्समध्ये (पायथन कोड वाचून सूचना देणाऱ्या एक्स्टेंशनमध्ये) इम्पोर्ट आपोआप सुचवण्याची सोय मुळात बंद असते आणि ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ती बंद असती, तर पाथलिबचे नावही इम्पोर्टसह पुढे आले नसते.

दुसरी नेहमीची शंका इंटरप्रिटरची, म्हणजे कोड चालवणाऱ्या पायथनची. एडिटरच्या खालच्या पट्टीवर पायथनची आवृत्ती 3.12 आणि टर्मिनलमध्येही 3.12 दिसले, की दोन्हीकडे एकच पायथन आहे असे आपण धरून चालतो. पण आकडा जुळला म्हणून पत्ता जुळतोच असे नाही, कारण एकाच आवृत्तीची कितीही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (आपापली पॅकेजे वेगळी ठेवणाऱ्या पायथनच्या स्वतंत्र मांडण्या) एका संगणकावर सुखाने नांदू शकतात. म्हणून टर्मिनलमध्ये चालू पायथनचा पूर्ण पाथ छापून घेतला आणि एडिटरने निवडलेल्या पाथशी ताडून पाहिला. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले. (अशा वेळी सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा सल्ला हमखास मिळतो; त्याने कधी कधी काम होतेही, पण नेमके काय बिघडले होते ते कळत नाही.)

मग इम्पोर्टची ओळ हाताने लिहिली, आणि तिच्याखाली लगेच पिवळी नागमोडी रेघ उमटली. माझ्या मते ही सर्वांत उपयोगी चाचणी आहे. रेघ आली, तर एडिटरला ते पॅकेज, म्हणजे लायब्ररीच्या कोडचे फोल्डर, सापडतच नाही. रेघ आली नाही, तर पॅकेज सापडले आहे, पण त्यातली नावे त्याच्या सूचीत उतरलेली नाहीत. वरवर तक्रार एकच असली तरी या दोन आजारांची औषधे अगदी वेगळी आहेत.

पॅकेज सापडत नाही आणि तरीही प्रोग्रॅम चालतो, याचा उलगडा साइट-पॅकेजेस या, इन्स्टॉल केलेली पॅकेजे जिथे जातात त्या, फोल्डरमध्ये झाला. आमची लायब्ररी एडिटेबल पद्धतीने इन्स्टॉल केलेली आहे, म्हणजे तिचा कोड मूळ जागीच राहतो आणि साइट-पॅकेजेसमध्ये फक्त त्या जागेची खूण असते. ही खूण पीटीएच फाइलमध्ये असते आणि त्या फाइलमध्ये साध्या फोल्डरचा पाथ असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे ‘इम्पोर्ट’ने सुरू होणारी एकच ओळ होती आणि ती एका फाइंडर मॉड्यूलला, म्हणजे पॅकेज कुठे आहे ते पायथनला सांगणाऱ्या कोडला, हाक मारत होती. पॅकेज बांधून इन्स्टॉल करणाऱ्या सेटअपटूल्स या साधनाच्या 2022 मध्ये आलेल्या 64 व्या आवृत्तीपासून, एडिटेबल इन्स्टॉलविषयीच्या पेप 660 या प्रमाणाला अनुसरून, असे इम्पोर्ट हुक (इम्पोर्टच्या वेळी मध्ये येणारा कोड) वापरले जाऊ लागले. विशेषतः पॅकेजचे फोल्डर वेगळ्या एसआरसी फोल्डरमध्ये न ठेवता प्रकल्पाच्या मुळाशीच ठेवले असेल, तर हा मार्ग निवडला जातो. पायथन सुरू होताना ती ओळ चालवतो, म्हणून त्याला पॅकेज सापडते. पायलान्स आणि त्याच्या मुळाशी असलेला पायराइट हा कोड तपासणारा प्रोग्रॅम मात्र कोड चालवत नाहीत, नुसता वाचतात. त्या ओळीत वाचण्याजोगा पाथच नव्हता. प्रोग्रॅम चालतो हा पुरावा एडिटरच्या बाबतीत ग्राह्य का धरता येत नाही, ते इथे स्पष्ट झाले.

सेटअपटूल्सला एडिटेबल मोड ‘कॉम्पॅट’ ठेवायला सांगून लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल केली. पीटीएच फाइलमध्ये साधा पाथ आला, विंडो रीलोड केल्यावर पिवळी रेघ गेली आणि सूचनाही येऊ लागल्या.

मात्र सगळ्या नव्हे. पॅकेजच्या वरच्या पातळीवरची नावे दिसत होती, आतल्या फोल्डरमधले क्लास दिसत नव्हते. पायलान्स इन्स्टॉल केलेल्या बहुतेक पॅकेजांची सूची एकाच पातळीपर्यंत करतो. जँगो, सायपाय, मॅटप्लॉटलिब अशा काही मोजक्या पॅकेजांसाठी ती मर्यादा आधीपासूनच वाढवलेली आहे. आमच्या पॅकेजसाठीही खोली वाढवता आली असती, पण मग अंतर्गत मदतनीस फंक्शन्सही यादीत शिरतात आणि नको ते नाव निवडले जाण्याची सोय होते. बाहेरच्यांनी वापरायची नावे लायब्ररीने स्वतःच पुढे मांडावीत, हे मला अधिक पटते. म्हणून ते क्लास पॅकेजच्या वरच्या इनिट फाइलमध्ये (पॅकेज इम्पोर्ट होताना आधी चालणाऱ्या फाइलमध्ये) इम्पोर्ट केले आणि त्यांची नावे तिथल्या ‘ऑल’ या बाहेरच्यांसाठीच्या नावांच्या यादीत घातली.

प्रोग्रॅम चालताना तयार होणारे काही क्लास अजूनही यादीत येत नाहीत. त्यांची नावे कोडमध्ये कुठेच लिहिलेली नसल्यामुळे नुसत्या वाचनाने ती सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी स्टब फाइल, म्हणजे एडिटरला वाचण्यासाठी नुसती नावे आणि प्रकार मांडणारी फाइल, लिहावी लागेल. तोवर त्या इम्पोर्ट हातानेच लिहायच्या.