स्विच दोनदा बदलला, फर्नेस बंदच

मी कॅनडात ब्रॅम्प्टनला फर्नेसची, म्हणजे गॅसवर अख्खं घर गरम ठेवणाऱ्या मशीनची, कामं करतो. नाशिकला आयटीआय केलं तेव्हा हीटर म्हणजे अंघोळीचा गीझर एवढंच माहीत होतं, इथे येऊन टीएसएसएचं, म्हणजे इथल्या सुरक्षा संस्थेचं, गॅसच्या कामाचं जी-टू लायसन्स काढलं आणि आता अख्खा हिवाळा लोकांच्या बेसमेंटमध्ये जातो. मागच्या जानेवारीत बाहेर उणे 22, रात्री साडेनऊला फोन. मराठी घर, फर्नेस सुरू होते आणि मिनिटभरात गप्प. आधी एक जण येऊन प्रेशर स्विच बदलून गेलेला, तोही दोनदा, पैसे अर्थात दोन्ही वेळा घेतले.

गेलो तर घरातले दादा वायरचा तुकडा हातात घेऊनच उभे, दोन्ही टोकं सोलून तयार, व्हिडिओत बघितलं म्हणे, स्विच बायपास करून टाकू का. म्हटलं दादा आधी ती वायर माझ्याकडे द्या. थर्मोस्टॅटने फर्नेसला चालू व्हायला सांगितलं की आधी इंड्युसर नावाचा छोटा पंखा फिरतो, तो जळका वायू पाइपातून बाहेर ढकलतो, ओढ पुरेशी झाली की स्विचमधला पडदा सरकून कॉन्टॅक्ट जुळतो आणि मगच इग्नायटर लाल होऊन गॅस सुटतो. ओढ नाही तर गॅस नाही. हा स्विच बायपास करायचा म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलवायचं, त्याला ना वास ना रंग, आणि बेसमेंटच्या खोलीत यांच्या आई झोपतात.

बोर्डवरचा दिवा तीनदा लुकलुकत होता, या मशीनवर त्याचा अर्थ प्रेशर स्विच ओपन. बहुतेक लोक इथेच स्विच बदलून मोकळे होतात. मी गॅस बंद केला, स्विचच्या रबरी नळीत टी-जोड टाकून मॅनोमीटर, म्हणजे ओढ मोजायचा मीटर, लावला. स्विचवर 0.90 छापलेलं, म्हणजे निदान एवढी ओढ हवी (पाण्याच्या इंचात), मला मिळत होते 0.62, तेही स्थिर नाही, आकडा वरखाली नाचतोय. म्हणजे स्विच बिचारा खरं बोलत होता. नळी स्वच्छ, पाणी निघून जायचा ट्रॅप स्वच्छ, बाहेर जाऊन पाइपाची तोंडं बघितली, बर्फ नाही काही नाही, फक्त माझी बोटं गोठली.

परत आलो तर आजी दारात खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "अरे बाळा, रात्री वर छतात गुडगुडतं, मी आठवडाभर सांगतेय, हा म्हणतो तुझे कान वाजतात." मी म्हटलं आजी, नेमकं कुठे? त्यांनी काठी वर करून दाखवलं, त्यांच्या पलंगाच्या बरोब्बर वर.

फर्नेसवरचं एक्झॉस्टचं रबरी कपलिंग सैल करून पाइप बाजूला केला आणि नुसता इंड्युसर फिरवला, आकडा सरळ 1.35. म्हणजे मशीन ठीक, अडथळा पुढे पाइपात. दादांना विचारलं, छत कधी केलं? ऑक्टोबरमध्ये, बेसमेंट भाड्याने द्यायचं होतं म्हणून. तेवढ्यात मला कळलंच. छताचा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा बोर्ड, कापायचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की बिल आत्ताच दिलंय, पण दीड फुटाचा चौकोन कापला. आत पांढरा पीव्हीसी पाइप, त्याचा हँगर, म्हणजे टांगायची पट्टी, छतवाल्याने काढून टाकलेला, पाइप मधोमध पोट काढून लोंबतोय. या पाइपाला फर्नेसकडे उतार पाहिजे, फुटाला पाव इंच, म्हणजे वाफेचं पाणी परत येऊन ट्रॅपमधून निघून जातं. इथे ते पोटात साठत होतं, थंडी वाढली की फर्नेस जास्त चालते आणि पाणीही जास्त. पाइप हाताने उचलला तर आतून असा लोंढा आला की कपलिंगखाली धरलेली बादली चांगली दोन तांबे भरली.

दोन नवीन पट्ट्या मारल्या, लेव्हल लावून उतार बघितला, कपलिंग परत घट्ट केलं, नवा स्विच तसाच ठेवला. रीडिंग 1.28, गॅस सोडला, ज्योत निळी, चार वेळा बंद-चालू करून बघितलं, सीओ मीटर शून्यावर. दादा म्हणाले, मग आधीच्या दोन स्विचचे पैसे? मी काय बोलणार, तुमचं तुम्ही बघा म्हटलं.

आजी खुर्चीतून उठल्याच नव्हत्या. डोकं वाकडं करून छताकडे कान लावून पाचेक मिनिटं ऐकलं, मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "आता नाही वाजत हं माझे कान."