आवाज चांगलाय म्हणून कोणी काम देत नाही

"तुझा आवाज किती गोड आहे गं, रेडिओवर जा" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी खरंच वाटायला लागलं, व्हॉइस ॲक्टिंग म्हणजे आवाजाचं काम करायचं ठरवलं आणि मी एक चांगला महागातला कंडेन्सर माइक मागवला. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तर माझ्या आधी पंखा ऐकू येतोय, मग फ्रिज, मग वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतंय, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी मी, बाथरूममधून बोलल्यासारखी.

तर माइक नंतर, आधी खोली. माइकला तुमचा आवाज आणि भिंतीवर आपटून परत आलेला आवाज यातला फरक कळत नाही, तो बिचारा सगळंच घेतो. मी शेवटी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करायला लागले, डोक्यावर जाड रजई, उकडून जीव जायचा पण आवाज असा स्वच्छ यायचा की बास. (कपाटाची लाज वाटायची तेव्हा मला बग्ज बनीला आवाज देणारा मेल ब्लँक आठवायचा. 1961 मध्ये मोठ्या अपघातानंतर तो अंगभर प्लास्टरमध्ये पडून होता, तर त्याच्या पलंगाच्या वर माइक टांगून फ्लिंटस्टोन्स या कार्टूनचं रेकॉर्डिंग केलं होतं.) ऑडिओबुकसाठी एसीएक्सला (ऑडिबलचा ऑडिओबुक बनवायचा प्लॅटफॉर्म) फाइल द्यायची तर नॉइज फ्लोअर, म्हणजे तुम्ही गप्प असतानाचा आवाज, उणे 60 डेसिबलच्या खाली लागतो, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे 3 च्या वर जाऊन चालत नाही आणि आरएमएस, म्हणजे साधारण सरासरी आवाज, उणे 23 ते उणे 18 च्या मध्ये. आकडे बघून घाबरू नका, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पाच सेकंद नुसतं गप्प बसून रेकॉर्ड करा आणि तेवढा तुकडा मोजा, खोलीची लायकी लगेच कळते. आणि नॉइज रिडक्शनने (मागचा आवाज पुसायचा इफेक्ट) निघेल सगळं असं म्हणू नका, निघतं, पण जरा जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

हे जमलं तरी हे सोपं होतं, खरं अवघड पुढे आहे. मी सुरुवातीला आवाज "लावायचे". म्हणजे माइक समोर आला की माझ्यातली निवेदिका जागी व्हायची, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच सूर, तोच गोडवा. एका सेशनमध्ये डायरेक्टरने अर्ध्यातच थांबवलं आणि विचारलं, "हे तू कोणाला सांगतेयस?" मला उत्तरच देता येईना. कोणालाच सांगत नव्हते ना, आवाज दाखवत होते फक्त. तेव्हापासून स्क्रिप्ट आली की आधी ठरवते समोर कोण आहे, एकच माणूस, आणि माझ्या पहिल्या वाक्याच्या आधी तो काय बोललाय. मग त्या वाक्याच्या आधी "अरे ऐक ना" किंवा "नाही रे, तसं नाही" असं मोठ्याने म्हणते, लगेच त्याला जोडून स्क्रिप्ट वाचते आणि एडिटमध्ये तो तुकडा कापून टाकते. एवढ्याशा गोष्टीने वाचन बोलण्यासारखं होतं, विश्वास बसत नसेल तर दोन्ही टेक करून ऐका.

डबिंग मात्र वेगळाच प्रकार. तिथे कोणाशी बोलायचं हे पडद्यावर ठरलेलं असतं, पण त्या माणसाचे ओठ मिटतात तिथे तुमच्याकडे प, ब, म असं काहीतरी असावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. व्हिडिओ गेममध्ये उलट, पडदाच नाही, समोर शीट आणि त्यात सुटी सुटी वाक्यं, कुठलं कशाच्या आधी तेही माहीत नसतं. शिवाय किंचाळणं, मार खाणं, मरणं. हे सगळं सेशनच्या शेवटी घ्या म्हणून आधीच सांगा, मी एकदा भिडेपोटी सुरुवातीला केलं आणि पुढचे दोन दिवस घशातून आवाज निघेना. आणि घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्याने ताण कमी होत नाही, गप्पच बसा.

डेमोचं, म्हणजे काम मागताना पाठवायच्या आवाजाच्या नमुन्याचं, थोडक्यात, 60 ते 90 सेकंद, सगळ्यात भारी तुकडा पहिल्यांदा, जाहिरातीचा वेगळा, निवेदनाचा वेगळा, कॅरेक्टरचा वेगळा. माझा पहिला चार मिनिटांचा होता, मागे सतारीसकट. जाऊ दे.

ऑडिशन पाठवली की विसरायची, बहुतेक वेळा "नाही" सुद्धा येत नाही. पण काम मिळालं की हुरळून जाऊन सही करू नका, आवाज कुठे वापरणार, किती काळ, आणि त्यावरून एआय आवाज बनवणार का हे लेखी घ्या. अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या युनियनच्या गेम कलाकारांनी जुलै 2024 मध्ये संप सुरू केला तो मुख्यतः याच एआयवरून, आणि जवळजवळ 11 महिने चालला. आपल्यामागे युनियन नसेल तर निदान करारातली ती ओळ तरी आपणच वाचायची.

आत्ता हे टाइप करतेय कारण वरच्या मजल्यावर ड्रिल चालू झालंय आणि मला तीन ओळींची एक ऑडिशन द्यायचीय, एका आजीची, जी नातवाला रागावतेय पण खरं तर रागावलेली नाहीये. रजई तयार आहे. ड्रिल थांबलं की आत जाते.