पाचवा मणी काळा : आमची वाटचाल

अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो शहरात, आमच्या तळघरात एक पाच फुटी फळी आहे. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला तीन इंचांवर दोन खाचा. 2008 च्या हिवाळ्यात मी ती कापली आणि आजवरचा आमचा प्रत्येक हार्नेस, म्हणजे गांडूळ लावायचे दोन गळ, मणी आणि फिरतं पातं ओवलेली तंगूस (गळाची दोरी), तिच्यावरच बांधलाय. खिळा दोनदा बदलला, फळी तीच.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. लहानपणी खाडीवर तंगूस आणि गरी घेऊन बसायचो, त्यामुळे गाठ हाताला ठाऊक होती. इथल्या ईरी सरोवरातला वॉलाय मासा मात्र नवा. पहिल्या उन्हाळ्यात दुकानातले तयार हार्नेस आणले. पातं अडकवायच्या पत्र्याच्या कडीने, म्हणजे क्लेव्हिसने, तंगूस चिरायची, आणि मणी इतके थोडे की गोलसर कोलोरॅडो पातं फिरता फिरता पुढच्या गळावर आपटायचं. असला माल लोकांच्या गळ्यात मारतात याची चीड आली. त्या चिडीतून आमचा धंदा उभा राहिला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मणी ओवायला सौ. बसली. तिच्या माहेरी रुखवतासाठी मण्यांची तोरणं घरीच ओवत. सहा मण्यांतला पाचवा काळा घालायचा हा तिचा हट्ट. "आपल्या हातचं पहिल्यांदाच बाजारात जातंय, दृष्ट लागायला नको," म्हणाली. तेव्हापासून पातं कुठलंही असो, मणी हिरवे असोत की जांभळे, पाचवा काळाच.

2009 च्या मे महिन्यात सरोवरकाठच्या पोर्ट क्लिंटनच्या एका चार्टर कॅप्टनने (भाडं घेऊन लोकांना बोटीने मासेमारीला नेणारा) आमच्याकडून दोन डझन नेले. जुलैत तो परत आला तो पोहण्याची फोमची नळी काखेत मारून. वापरलेले सगळे हार्नेस तिच्यावर नीट गुंडाळलेले, आणि प्रत्येकाशेजारी चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं : किती मासे लागले, तंगूस कुठे खरवडली, बोटीचा वेग किती होता. मला समोर बसवून तो म्हणाला, "क्लेव्हिस प्लास्टिकची लाव, म्हणजे गाठ न सोडता पातं बदलता येईल. पुढचा गळ दोन नंबरचाच ठेव, मागचा चार नंबरचा कर. पाणी गढूळ असलं की मला पाच नंबरचं तांब्याचं पातं लागतं, ते कधी संपू देऊ नकोस." त्या एका दुपारी मी जे शिकलो ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडलं नसतं. पुढे दर जुलैत नळी येत राहिली, आणि आम्ही दर हिवाळ्यात तिच्याप्रमाणे माल सुधारत राहिलो.

आता 2014 चं सांगतो.

जूनच्या अखेरीस करखात्याचं पत्र आलं. अमेरिकेत गळ, लीडर (गळाला जोडायची आखूड दोरी), शिसं, आमिषं असा मासेमारीचा माल बनवून विकणाऱ्याला विक्रीच्या किमतीवर 10 टक्के संघीय अबकारी कर भरावा लागतो. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने तो पैसा राज्यांकडे जातो आणि त्यातून मासे वाढवणं, बोटींचे धक्के बांधणं अशी कामं होतात. कायदा चांगला आहे. मला तो माहीत नव्हता, आणि पाच वर्षं आमचे हिशेब बघणाऱ्या माणसाने तो सांगितला नव्हता. फी मात्र दरवर्षी वेळेवर घेतली. पाच वर्षांची विक्री 94,000 डॉलर, म्हणजे कर 9,400; दंड आणि व्याज धरून चौदा हजारांच्या घरात. आमच्या खात्यात 3,100 होते.

त्यात 2 ऑगस्टला टोलेडोचं पिण्याचं पाणी बंद झालं. सरोवरातल्या हिरव्या शेवाळाचं विष नळात उतरलं होतं, तीन दिवस जवळजवळ पाच लाख लोकांना नळाचं पाणी तोंडात घालता येत नव्हतं. उकळून उपयोग नाही, उलट विष वाढतं. चार्टरवाल्यांची बुकिंगं रद्द झाली आणि आमच्या ऑर्डरीही. सौ.ने पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मी त्या परत तिच्या हातात चढवल्या, पण रात्री झोप आली नाही.

शनिवारी कॅप्टन आला. मी सगळं सांगितलं. त्याने पुढच्या मोसमाच्या साठ डझनांचा चेक तिथेच लिहिला. पैसे आगाऊ, माल पुढच्या एप्रिलमध्ये. स्वतःची बोट धक्क्याला बांधलेली असताना! बाकीच्या रकमेचे आम्ही हप्ते बांधून घेतले, शेवटचा हप्ता 2017 च्या मार्चमध्ये गेला.

आणि नेमका त्याच काळात, दोन हिवाळे आमच्याच फळीवर बसून गाठ शिकलेला पोरगा वेगळा झाला. मी त्याला रोज जेवू घातलं होतं. आमचे रंग, आमची लांबी उचलून तो इंटरनेटवर दोन डॉलरला विकायला लागला. आमचा घाऊक भाव पावणेतीन. मी त्याला कराचं विचारलं, तर "तू भरतोस म्हणून मी भरू?" म्हणाला. गळ-आमिषांच्या दुकानदारांनी स्वस्त बघून आमचा माल खुंटीवरून उतरवला. दहा टक्के बुडवून स्वस्त विकणं याला मी धंद्यातली स्पर्धा म्हणत नाही. आजही म्हणणार नाही.

म्हणून कोणी घरी बांधून विकायला निघत असेल तर ऐका. पहिल्या डझनापासून भावात दहा टक्के धरा आणि दर तिमाहीला या कराचा 720 नंबरचा फॉर्म भरा. स्नेल, म्हणजे गळाची गाठ, आवळण्याआधी तंगूस थुंकीने ओली करा, फ्लुओरोकार्बन असेल तर नक्कीच, कोरडी आवळली की घर्षणाने जळते. पात्याचं टोक गळापर्यंत पोचणार नाही इतके मणी घाला, मण्यांत काटकसर करू नका. आणि गिऱ्हाइकाला सांगा, गांडूळ गळावर सरळ ताणून लावायचं. गोळा झालं की ते गरगरतं आणि सगळी दोरी पिळवटते.

2017 नंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. माल गेला, पैसे आले, फॉर्म भरले.

कॅप्टन आता बोटीवर जात नाही, गुडघे गेलेत. बोट त्याची नात चालवते. मार्चमध्ये तिची साठ डझनांची ऑर्डर येते, जुलैत नळी येते, चिकटपट्टीवरचं अक्षर तेवढं बदललंय. गेल्या जुलैत तिने नळीसोबत एक वेगळा हार्नेस आणला. कुणा पाहुण्याच्या पेटीतला होता, दोन डॉलरवाला. "हा तुमचाच ना?" तिने विचारलं. मी नखाने मणी मोजले. क्लेव्हिस पत्र्याची होती, गाठीचे वेढे चारच होते, आणि पाचवा मणी काळा होता.